वाटीतले दहा चिंचोके

चिरंजीवास,
अनेक आशीर्वाद.

परवा रविवारी तुझा फोन आला तेव्हा मागे लेकीचं मुसमुसणं ऐकू येत होतं. "सर, आठवडाभर मला वेळ नसतो. शनिवार-रविवारच काय ते हातात असतात, आणि ती तबल्यावर बसायलाच तयार नाही," म्हणालास. ती ऐकत होती म्हणून मी फोनवर फार बोललो नाही. आता सविस्तर लिहितो.

मी तुला विचारलं होतं, ती वाजवते तेव्हा तू काय करत असतोस? मोबाइलवर अर्ध्या तासाचा गजर लावून समोर उभा असतो, असं तू सांगितलंस. त्या उत्तरावर मी दोन दिवस विचार करतोय.

माझी आई चार इयत्ता शिकलेली. तालासुरातलं तिला काही कळत नव्हतं. मी शिकायला लागलो तेव्हा आमच्या दोन खोल्यांच्या घरात ती दुपारी तांदूळ निवडायला बसायची आणि मला म्हणायची, "इथंच बस माझ्याजवळ." तिच्यापुढे दोन वाट्या असत. एकीत दहा चिंचोके, दुसरी रिकामी. गुरुजींनी दिलेला पलटा, म्हणजे बोलांचा छोटा तुकडा, मी एकदा पुरा वाजवला की ती एक चिंचोका पलीकडच्या वाटीत टाकायची. दहा झाले की उठायचं. मध्ये चुकलो तर ती काही बोलायची नाही, पण चिंचोका तिच्या बोटांत तसाच राहायचा. ते मला दिसायचं, आणि मी आपणहून पहिल्यापासून धरायचो. कधी दहा झाल्यावर म्हणायची, "ते मघाचं पुन्हा वाजव रे, गोड वाटलं." मग अकरावा, बारावा व्हायचा आणि मला कळायचंही नाही.

हे सगळं पाहिलेला मी, माझ्या स्वतःच्या मुलाला मात्र घड्याळ लावून बसवलं. तबला शिकवणाऱ्याचा मुलगा, त्याने रोज तासभर बसलंच पाहिजे, हा माझा हट्ट. प्रत्येक बोलाला मी अडवायचो. बाराव्या वर्षी त्याने तबला सोडला. ती जोडी अजून माळ्यावर आहे, वाद्या सैल पडलेल्या. मी ती उतरवत नाही. तुझ्या घरात तसं होऊ नये, म्हणून एवढ्या कळकळीने लिहितोय.

तर पहिलं म्हणजे तो गजर बंद कर. मिनिटं मोजली की मुलाचं लक्ष मिनिटं संपण्याकडे लागतं. आवर्तनं मोजलीस तर लक्ष वाजवण्यात राहतं. 'धा धा ति ट धा धा तू ना' ही बोलांची रचना, म्हणजे कायदा, साध्या लयीत आणि दुपटीत मिळून दहा वेळा स्वच्छ, एवढ्यावर थांब. कधी बारा मिनिटांत होईल, कधी पंचवीस लागतील. आठ वर्षांच्या हाताला तेवढं पुष्कळ झालं.

दुसरं, तू माझ्याकडे मध्यमा प्रथमच्या परीक्षेपर्यंत शिकलायस, आणि तीच खरी अडचण आहे. माझ्या आईला काही कळत नव्हतं म्हणून ती फक्त ऐकायची. तुला कळतं म्हणून तू दुरुस्त्या करतोस. एका बैठकीत एकच गोष्ट बघ. सध्या फक्त तिचा 'ना' बघ. अनामिका शाईच्या, म्हणजे मधल्या काळ्या गोलाच्या, कडेला हलकी टेकलेली राहते का? या वयात ते बोट उचललं जातं, मग तर्जनी चाटेवर, म्हणजे तबल्याच्या काठावर, पडली तरी 'ना' स्वच्छ निघत नाही. ते बोट टेकलेलं राहिलं की त्या दिवसापुरतं पुरे. बाकीचं तिला तबला शिकवणाऱ्या बाई बघतील. घरात दुसरे गुरुजी नकोत, घरात बाबाच हवा.

तबल्याचा स्वर उतरलेला असेल तर पोरगी कंटाळणारच, हेही लक्षात घे. तिला तो सुरात मिळवता येत नाही, ते काम तुझं. शनिवारी सकाळी पाच मिनिटं हातोडी घेऊन बस. गजऱ्यावर, म्हणजे तबल्याच्या कडेच्या गोफावर, वरून ठोकलं की स्वर चढतो, खालून ठोकलं की उतरतो, हे तिलाही दाखव. मिळालेल्या तबल्यावरचा पहिला 'ना' तिला वाजवू दे. त्या एका आघातासाठी मूल बसतं, हे मी शेकडो मुलांत पाहिलंय.

आणि रियाज फक्त चटईवरच होतो असं समजू नकोस. सध्या मटारचे दिवस आहेत. रविवारी तुम्ही दोघं शेंगा सोलायला बसाल तेव्हा चार-चार शेंगांच्या चार रांगा लाव. झाला त्रिताल, सोळा मात्रा. तिसरी रांग जराशी खाली सरकव, ती 'खाली', म्हणजे टाळी नसलेला भाग. आता लेक तोंडाने बोल म्हणेल, धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा, आणि तू हाताने ताल धर. पहिलीला, पाचवीला, तेराव्याला टाळी, नवव्या मात्रेला हात बाजूला. मध्येच एकदा तू नवव्याला टाळी दे. ती तुला पकडेल. पकडल्यावर तिचा चेहरा बघ! पढंत म्हणजे हीच, आणि जे तोंडात पक्कं बसतं ते हातात उतरायला वेळ लागत नाही. भाजी आणायला जाताना, जिना चढताना, दोसा तव्यावर असताना, कुठेही होते.

रियाज केलास तर मोबाइल मिळेल, असा व्यवहार तू सुरू केलायस. तो थांबव, हे मी जरा कडक शब्दांत सांगतोय. त्याने तबला ही मोबाइलसाठी मोजायची किंमत होते, आणि किंमत माणूस नेहमी कमीत कमी द्यायला बघतो.

त्यापेक्षा तिच्या ठेक्याची कुणाला तरी गरज लागू दे. तुझ्या आई गुरुवारी भजन म्हणतात ना? नातीला शेजारी बसव. केरवा ताल आठच मात्रांचा, 'धा गे ना ती न क धि न', तिला तो येतो. पहिल्यांदा लय पळेल, आजी मागे राहील. राहू दे. दोन गुरुवारांत ती आजीचा श्वास ओळखायला लागेल, कुठे थांबायचं ते तिचं तिला कळेल. साथ ही गोष्ट एकट्याने कायदे घोटून येत नाही. आजीने "आज तू होतीस म्हणून रंग आला" म्हटलं, की पुढच्या गुरुवारसाठी ती स्वतः तबला काढून बसते की नाही ते मला कळव.

परीक्षेचंही तू बोललास. एप्रिल-मेच्या सत्रात प्रारंभिकला, म्हणजे पहिल्या परीक्षेला, बसव, त्याला माझी ना नाही. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, त्यानंतर सामान्य घरातल्या मुलांना संगीताची वाट मोकळी झाली, आणि परीक्षांमुळे शिकण्याला शिस्त येते. पण विशारदपर्यंत सात परीक्षा आहेत. वर्षाला एक धरली तरी ती पंधरा वर्षांची होईल. एवढ्या लांबच्या वाटेवर एखादा रविवार रिकामा गेला तर काय बिघडलं? सर्दी असेल, मैत्रिणीचा वाढदिवस असेल, नुसताच मूड नसेल, जाऊ दे. त्या दिवशी तू स्वतः बस. किती वर्षं झाली हात लावून? तुझा हात जड झाला असेल, दुपटीत अडखळशील. तिला ते ऐकू दे. बाबालाही जमत नाही आणि तरी तो पुन्हा पहिल्यापासून धरतो, हे तिला माझ्या शंभर पत्रांपेक्षा जास्त कळेल.

मेच्या सुट्टीत तिला सांगलीला घेऊन ये. लहान तोंडाची तबल्याची जोडी आहे माझ्याकडे, तिच्या हाताला बरी पडेल. आणि तुझ्या वेळच्या त्या दोन वाट्या अजून फळीवर आहेत. चिंचोके धुऊन वाळत घातलेत.

तुझा,
सर