नऊ दिवसांच्या बाळाला अंगावरचे दूध पुरत नाही असे वाटते. स्तनपान सल्लागाराकडे जाणे खरोखर गरजेचे आहे का?

आपण लिहिले आहे की सिझेरियन होऊन नऊ दिवस झाले, जन्मतः २ किलो ९०० ग्रॅम असलेले बाळाचे वजन काल २ किलो ६५० ग्रॅम भरले, बोंडांना चिरा पडल्यामुळे पाजताना डोळ्यांत पाणी येते, आणि ‘दूध पुरत नाही’ असे म्हणून सासूबाईंनी बाटलीने वरचे दूध सुरू केले आहे. मी डॉक्टर नाही. दोन मुलांची आई आहे, आणि पहिल्या खेपेला अगदी याच अवस्थेतून गेले आहे. माझे उत्तर असे की मदत जरूर घ्यावी, आणि ती उद्यावर ढकलू नये.

घाईचे कारण वजन आहे. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन सात ते दहा टक्क्यांपर्यंत उतरणे स्वाभाविक असते, परंतु पाचव्या दिवसाच्या सुमारास ते चढू लागते आणि दहा ते चौदा दिवसांत बहुतेक बाळे जन्माच्या वजनावर परत येतात. आपले बाळ नवव्या दिवशीही साडेआठ टक्क्यांहून अधिक खाली आहे, म्हणून आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. चोवीस तासांत सहापेक्षा कमी वेळा शू होत असेल, बाळ पाजण्यासाठी उठवूनही उठत नसेल किंवा तळहात-तळपाय पिवळे दिसत असतील, तर वेळ ठरवून जाण्याची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे. डॉक्टर सांगेपर्यंत वरचे दूध एकदम बंद करू नका; जे बाळ आधीच खंगले आहे त्याच्यात जोर लावून ओढण्याची ताकदच उरत नाही.

आता सल्लागाराविषयी. माझ्या पहिल्या बाळंतपणात सल्ला देणाऱ्यांची वाण नव्हती. ज्या रुग्णालयात मी होते तिथे तिसऱ्या दिवशी कोणीतरी येऊन बाळाचे तोंड छातीवर दाबले आणि ‘येईल हळूहळू’ असे सांगून निघून गेले. घरी हळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, सगळे यथासांग चालले होते. मी बाळाला पाजते कशी, हे मात्र बाराव्या दिवसापर्यंत एकाही माणसाने बसून पाहिले नव्हते. बाराव्या दिवशी ज्या परिचारिका घरी आल्या त्यांनी पहिले वाक्य हेच उच्चारले, की आधी मला एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाजताना पाहू द्या. त्या पलंगाशेजारी बसल्या आणि पाच-सात मिनिटे एक शब्दही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “ताई, तुम्ही बाळाकडे वाकताय. बाळाला तुमच्याकडे आणा.”

त्यांनी माझ्या पाठीशी लोड लावला, मांडीवर उशी ठेवली, बाळाचे पोट माझ्या पोटाला टेकवले आणि बाळाच्या डोक्यामागे दाबून धरलेला माझा हात खाली मानेशी आणि खांद्यांशी नेला, कारण डोके मागून रेटले की बाळ उलट मागे ढकलते. बाळाने मोठी जांभई द्यावी तसे तोंड उघडेपर्यंत थांबायला लावले. त्यानंतर हनुवटी स्तनात रुतलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, आणि नुसते बोंडच नव्हे तर त्याभोवतीचा काळा भाग, खालच्या बाजूचा अधिक, तोंडात गेलेला असे ते लागले. दोन-तीन वेळा ओढून एकदा गिळल्याचा बारीकसा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. दूध होते, ते बाळापर्यंत पोहोचत नव्हते.

प्रत्येकीच्या बाबतीत कारण हेच असेल असे नाही. सिझेरियननंतर पान्हा काहीसा उशिरा येऊ शकतो, बाळाची जीभ खाली चिकटलेली असू शकते, आईच्या थायरॉइडचा त्रास असू शकतो; म्हणूनच खाऊ-पिऊ घालण्याआधी कोणीतरी जाणत्या नजरेने पाहणे मला इतके महत्त्वाचे वाटते. चांगली सल्लागार बाळाचे तोंड तपासते, पाजण्याआधी आणि पाजल्यानंतर त्याच कपड्यांत बाळाचे वजन करून किती दूध पोटात गेले ते पाहते, आणि सिझेरियनच्या टाक्यांवर भार न येता कुशीवर झोपून किंवा बाळाला काखेखालून धरून कसे पाजावे हे शिकवते.

कोणाला बोलवावे? आधी आपल्या बालरोगतज्ज्ञांनाच विचारा. मोठ्या रुग्णालयांत स्तनपान सल्लागार असतात, आणि स्तनपान सल्लागारांची ‘आयबीसीएलसी’ ही आंतरराष्ट्रीय पात्रता परीक्षा देऊन मिळवलेल्या काही जणी घरीही येतात. आपण गावी असाल तर आशाताईंना निरोप पाठवा. रुग्णालयात प्रसूती झाली असल्यास तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येऊन बाळाला पाहणे हे त्यांच्या कामातच धरलेले आहे. जी व्यक्ती आपल्याला पाजताना न पाहताच एखाद्या कंपनीच्या डब्याचे नाव सुचवते, तिच्याकडे मात्र पुन्हा जाऊ नका. पावडरच्या दुधाची आणि बाटल्यांची जाहिरात करण्यास आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, आणि ती पुरेशा कारणानेच घातलेली आहे.

वरचे दूध द्यावे लागत आहे याचा अपराधीपणा बाळगू नका, पण तेही सल्लागारासमोर एकदा करून दाखवा, कारण चुका तिथेही होतात. डब्यावर लिहिलेले प्रमाणच पाळावे. बहुतेक डब्यांवर ३० मिलिलिटर पाण्याला डब्यातल्याच मापाचा सपाट एक चमचा असे असते, आणि पावडर पुरवण्यासाठी ते पातळ केले तर बाळाचे पोट भरते पण वजन वाढत नाही. पाणी उकळून घ्यावे आणि ते चांगले गरम असतानाच पावडर मिसळून मग दूध कोमट करावे; बाळाने उष्टे ठेवलेले दूध पुढच्या वेळेसाठी ठेवू नये. बाटली द्यायचीच असेल तर बाळाला उभट धरून, बाटली जवळजवळ आडवी ठेवून, मध्ये थांबत थांबत द्यावी, नाहीतर आयते ओघळणारे दूध गिळण्याची सवय लागते. आमच्या परिचारिकांनी बाटलीऐवजी वाटी-चमचा दिला, आणि जितक्या वेळा वरचे दूध जाईल तितक्या वेळा हाताने किंवा पंपाने माझे दूध काढायला लावले, कारण स्तन रिकामे झाल्याशिवाय दूध वाढत नाही. बाळ पूर्णपणे अंगावरच्या दुधावर यायला साडेतीन आठवडे लागले.

चिरांवर पाजून झाल्यावर स्वतःचेच दूध लावून वाळू द्यावे. स्तन लाल होऊन ताप आला तर स्वतःलाही डॉक्टरांना दाखवावे, आणि डॉक्टरांनी थांबवले नाही तर पाजणे चालू ठेवावे.

जाताना कागदावर दोन दिवसांच्या नोंदी न्याव्यात : किती वाजता पाजले, वरचे किती दिले, शू आणि शी किती वेळा झाली. आणि शक्य असल्यास सासूबाईंना सोबत न्या. माझ्या सासूबाई त्या दिवशी खोलीतच होत्या. बाळाचे गिळणे त्यांनीही ऐकले, आणि त्यानंतर रात्री दोन वाजता उठून माझ्या पाठीशी लोड लावून देण्याचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले.