भिंतींचा खर्च नंतर, आधी तो 'विमा' बघू

सांगलीहून एका शिक्षकांचं पत्र आलं आहे. नदीकाठच्या भागात त्यांचं 900 चौरस फुटांचं बैठं घर आहे. 2019 च्या पुरात घरात पाच फूट पाणी होतं, 2021 मध्ये तीन फूट. दोन्ही वेळा मिळून सात लाख खिशातून गेले. आता भिंतींना पुन्हा लोणा लागलाय, पोपडे पडताहेत. नवं पीओपी, मॉड्युलर किचन, कपाटं असं सगळं धरून कंत्राटदाराने 9 लाखांचा अंदाज दिला आहे. त्यांचा प्रश्न असा, की 6 लाखांची एफडी मोडून उरलेल्याचं टॉप-अप, म्हणजे चालू गृहकर्जावरच वाढीव कर्ज घ्यावं, की सगळंच कर्ज काढावं? जाता जाता त्यांनी लिहिलंय: "विम्याची चिंता नाही. 2018 ला कर्ज देतानाच बँकेने घराचा विमा उतरवला, 96 हजार भरलेत. दोन पुरांत क्लेम करायचा राहून गेला, पुढच्या वेळी करू. शिवाय दुरुस्तीच्या फंडासाठी वर्षाला 60 हजारांची पॉलिसीही सुरू केली आहे."

सर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर चार ओळींत देता येईल. पण त्या शेवटच्या वाक्यांनी मला झोप लागली नाही.

पत्रासोबत जोडलेली प्रत मी वाचली. तो घराचा विमा नाही, तो तुमच्या आयुष्याचा विमा आहे. कर्ज फिटण्याआधी तुम्हाला काही झालं, तर उरलेलं कर्ज त्यातून फिटेल. कर्ज कमी होत जाईल तसं संरक्षणही कमी होत जाईल. भिंत पडली, वायरिंग गेलं, फ्रीज तरंगला, तर त्यातून एक रुपयाही मिळत नाही. क्लेम करायचा राहिला नव्हता, क्लेम होताच कुठे? आणि ते 96 हजार तुम्ही रोख भरले नाहीत, ते कर्जातच मिळवले गेले. नऊ टक्क्यांनी वीस वर्षांत त्याचे दोन लाखांच्या वर होतात. पॉलिसी निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही, कुटुंबाच्या डोक्यावरचं कर्ज तिच्यामुळे उतरेल. पण सहीच्या टेबलावर "यात घराचा विमा आला" असं सांगून ती गळ्यात मारणं ही फसवणूक आहे, आणि असे कागद मी दर महिन्याला पाहतो.

म्हणजे सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट असताना 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या पुढे गेलं, तेव्हाही तुमचं घर विम्याविना होतं आणि आजही आहे.

1 एप्रिल 2021 पासून 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळते. त्यात पूर येतो, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटून झालेलं नुकसानही येतं. विमा जमिनीचा नसतो, बांधकामाचा असतो. 900 फूट, फुटाला 2,000 रुपये, म्हणजे 18 लाख. घरातल्या सामानासाठी बांधकामाच्या रकमेच्या 20 टक्के, म्हणजे 3 लाख 60 हजार, आपोआप धरले जातात. वर्षाचा हप्ता साधारण दोन हजारांच्या आसपास बसायला हवा. तुमच्या भागासाठी कंपनीने जास्त मागितले, अगदी पाच हजार सांगितले, तरी द्या. आधीच्या दोन्ही पुरांची माहिती अर्जात स्पष्ट लिहा, लपवलीत तर नेमक्या वेळी क्लेम अडकेल. हळूहळू झिरपलेल्या ओलीचे पैसे यात मिळत नाहीत, त्यामुळे आजच्या पोपड्यांचा खर्च तुमचाच. आणि हे काम जूनच्या आत करा. पाणी दारात आल्यावर पॉलिसी मिळेल अशी आशा धरू नका. सरकारी सानुग्रह अनुदानातून किती भागतं, तेही तुम्ही दोनदा पाहिलं आहे.

आता 60 हजारांची पॉलिसी. पंधरा वर्षं भरायचे 9 लाख आणि एजंटने कागदावर दाखवलेत साडेतेरा. "दीडपट" ऐकायला छान वाटतं, पण हिशोब केला तर परतावा 5 टक्के पडतो. हेच पैसे पीपीएफमध्ये आजच्या 7.1 टक्क्यांनी सव्वासोळा लाख होतील. त्याहून मोठा दोष म्हणजे हा दुरुस्तीचा फंडच नाही. पूर काही पंधरा वर्षं थांबत नाही, आणि मधे पैसे काढायला गेलात तर भरलेल्यातलेच मोठे तुकडे कापून हाती येतील. दोन हप्ते भरलेत. तिसरा भरण्याआधी पॉलिसी पेड-अप केली (पुढचे हप्ते थांबवून तशीच ठेवली) तर काय मिळेल आणि सरेंडर केली (मोडून पैसे घेतले) तर काय, हे कंपनीकडून लेखी मागवा. "आता सोडली तर नुकसान" असं एजंट म्हणेल. नुकसान झालंच आहे, ते वाढवायचं की नाही एवढंच तुमच्या हातात आहे.

आणि ते 9 लाख. पूर येणाऱ्या घरात खाली पीओपी, एमडीएफची (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळ्यांची) कपाटं आणि प्लायवूडचं किचन? 2021 नंतर महिन्याभरात पुट्टी मारून ऑइलपेंट लावल्याचं तुम्हीच लिहिलंय. ओल आतच कोंडली, तोच हा लोणा. आधी जुनं प्लास्टर पाण्याच्या खुणेच्या वर फूटभर जाईपर्यंत काढा आणि भिंती पूर्ण वाळू द्या. त्याला दोन-तीन महिने लागले तरी लागू द्या. मग सिमेंटचं प्लास्टर, कडप्प्याचा ओटा, ॲल्युमिनियमची दारं. सॉकेट आणि इन्व्हर्टर पाण्याच्या खुणेच्या वर. हे सगळं साडेतीन लाखांत बसवा. घर सजवल्याने किंमत वाढेल असं तुम्ही लिहिता, पण तुमच्या गल्लीत घर बघायला येणारा माणूस आधी पाणी कुठवर आलं होतं हेच विचारणार.

साडेतीन लाख असतील तर टॉप-अपची गरजच उरत नाही. एफडीवर 7 टक्के, कर जाऊन साडेपाच. कर्ज साडेनऊने. एफडीतूनच खर्च करा, उरलेले अडीच लाख हात न लावता घरखर्चासाठी ठेवा.

घराची पॉलिसी हातात आली की प्रत्येक खोलीचे फोटो आणि सामानाची बिलं स्वतःच्या ईमेलवर टाकून ठेवा, 2019 ला तुमचे कागदही भिजले होते. पुन्हा पाणी आलंच, तर ओसरल्यावर कंपनीला लगेच कळवा, आणि गाळ धुण्याआधी भिंतीवरच्या खुणेचा फोटो काढा. नुकसान मोजणारा कंपनीचा सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत भिजलेली गादीसुद्धा फेकू नका.