वेठबिगारीविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेत ऑपरेशन्स प्रमुखाला नेमकं काय करावं लागतं?

तुम्ही नागपुरात गोदाम आणि वाहतुकीचं काम बघता, वेठबिगारीविरुद्ध काम करणाऱ्या एका संस्थेत ऑपरेशन्स प्रमुखाची जागा निघाली आहे, आणि जावं की नाही असं तुम्ही विचारलंय. मी हेच काम मेळघाटात, धारणी-चिखलदरा भागात करतो. या, असंच म्हणेन. फक्त सुटकेच्या धाडींचं आकर्षण असेल तर एक लक्षात घ्या, धाड एका दिवसात उरकते. आपलं काम त्याआधीचे काही आठवडे आणि नंतरचं अख्खं वर्ष चालतं.

इकडे माणूस अडकतो तो उचलीत, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ घेतलेल्या पैशांत. पावसाळ्यात घरातलं धान्य संपत आलं की मुकादम पैसे देऊन जातो आणि दिवाळीनंतर लेकराबाळांसकट कुटुंब वीटभट्टीवर. हिशेब मुकादमाच्या डायरीत. किराणा, दवाखाना, मोबाईलचा रिचार्ज सगळं तिच्यात चढतं, विटा मात्र तो म्हणेल तेवढ्याच. होळी हा इथल्या कोरकू आदिवासींचा सगळ्यात मोठा सण, त्याला माणूस कुठूनही घरी येतो. म्हणून ‘होळीलाही सोडलं नाही’ असा गावातून फोन आला की आम्ही लगेच माहिती काढायला लागतो. किमान वेतनापेक्षा कमी मजुरी देणं हीसुद्धा वेठच, असं सर्वोच्च न्यायालयाने 1982 साली दिल्लीतल्या एशियाड स्पर्धेच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात सांगितलं आहे. पण प्रत्यक्षात अधिकाऱ्याला पटतं ते ‘उचल फिटेपर्यंत जाऊ देत नाहीत’ हे.

आणि ते जबाबात यावं लागतं. इथे सगळ्यात जास्त प्रकरणं ढिली पडतात. साहेबांनी मराठीत विचारलं, ‘पैसे घेतले होते ना? स्वखुशीने आलात ना?’ की कोरकू माणूस मान हलवतो. भट्टीमालक समोर उभा असेल तर बोलणंच खुंटतं. त्यामुळे कोरकू बोलणारी दोन माणसं सोबत हवीत, त्यातली एक बाई, कारण बायकांचे जबाब वेगळे घ्यावे लागतात. मालकाला बाहेर थांबवा, अशी विनंती आधीच लेखी दिलेली बरी. 1976 चा वेठबिगारी निर्मूलन कायदा मजुराच्या बाजूचा आहे. वेठबिगारीचं कर्ज त्याने रद्दच केलंय, आणि कर्ज तसलं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर टाकली आहे. तरी ‘साहेब, उचल तं घेतलीच होती ना,’ असं म्हणणारा माणूस मनाने अजून सुटलेला नसतो. त्याच्याशी पुन्हा पुन्हा, शांतपणे बोलावं लागतं.

मग कागद. मुक्ती प्रमाणपत्र, म्हणजे वेठबिगारीतून सुटल्याचा सरकारी दाखला, हातात पडल्याशिवाय कुटुंबाला गावी पाठवायचं नाही, हा आमचा नियम. सरकारची तातडीची मदत जास्तीत जास्त 30,000 रुपये आहे. पुढची पुनर्वसनाची 1, 2 किंवा 3 लाखांची रक्कम शेवटी खटल्यात वेठबिगारी सिद्ध होण्यावर अडते, आणि खटले रेंगाळतात. दरम्यान आधार मुकादमाकडे राहिलेलं, बँक खातं बंद पडलेलं, रेशनकार्डावर नावं नाहीत, पोरांची शाळा सुटलेली. कोणाचं काय अडलंय, कोणत्या टेबलावर अडलंय, उद्या तिथे कोण जाणार, हे रोज बघणारा माणूस म्हणजे ऑपरेशन्स प्रमुख. तुमची गोदामाची शिस्त इथे फार कामाची आहे.

गुप्ततेबद्दल कडक राहा. धाडीची वेळ व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची नाही, बातमी फुटली की भट्टी रातोरात रिकामी होते. कार्यकर्ते याच तालुक्यातले असतात, त्यांना त्याच बाजारात उद्या मुकादम भेटणार असतो. म्हणून कोणालाही एकटं पाठवायचं नाही. मोबाईलला रेंज नसलेल्या गावात गेलेला माणूस ठरल्या वेळी परतला नाही तर कोणी निघायचं, हेही ठरलेलं हवं. आणि देणगीदार सुटलेल्यांचे चेहरे दाखवा म्हणून मागे लागतील, तेव्हा स्पष्ट नाही म्हणायचं काम तुमचं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

मुलाखतीत त्यांनाच एक प्रश्न विचारा: मागच्या हंगामात सोडवलेल्यांपैकी यंदा किती कुटुंबं परत उचल घेऊन गेली? आकडा वाईट असला तरी चालेल, पण त्यांनी तो मोजलेला असेल तर बेलाशक जा. मोजलेलाच नसेल, तर रुजू व्हायच्या आधी मोजण्याची परवानगी आणि त्यासाठी एक माणूस मागून घ्या.