दशावतारी नाटकाचं रेकॉर्डिंग विकताना फाईल लॉक करू की वॉटरमार्क टाकू?

तुम्ही म्हणताय जत्रेतल्या नाटकाचं रेकॉर्डिंग पैसे घेऊन पाठवता आणि दोन दिवसांत ते व्हॉट्सॲपवर फुकट फिरतं. मी कुडाळात एडिटिंगचंच काम करतो, माझं मत विचाराल तर वॉटरमार्क, म्हणजे व्हिडिओतच घातलेली ओळखीची खूण, आणि तोही प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळा.

एन्क्रिप्शन, म्हणजे चावीशिवाय उघडणार नाही असं लॉक, ओटीटीवाले करतातच, एईएस नावाचं लावतात, पण सगळी फाईल लॉक करत नाहीत. एका पद्धतीत तर डेटाच्या दर १० छोट्या तुकड्यांमधला १च लॉक होतो, कारण कॉम्प्रेस केलेल्या व्हिडिओत थोडं जरी बिघडलं की पुढचं चित्र कोसळतं. फक्त आय-फ्रेम (ज्यात अख्खं चित्र असतं त्या फ्रेम, मधल्यांत बहुतेक फक्त बदल असतो) लॉक करा असं कोणी सांगितलं तर मात्र ऐकू नका, शंकासुर नाचायला लागला की मधल्या फ्रेममध्येही त्याच्या चित्राचे नवे चौकोन पूर्णच्या पूर्ण जातात आणि गडी बऱ्यापैकी ओळखू येतो! आणि काहीही लॉक केलंत तरी बघायला चावी द्यावीच लागते ना, टीव्हीसमोर मोबाईल धरला की विषय संपला. डीव्हीडीचं ४० बिटांचं लॉक तर १९९९ लाच फुटलं.

कोपऱ्यातला लोगो क्रॉप होतो, मेटाडेटातलं (फाईलसोबतच्या माहितीतलं) नाव व्हॉट्सॲप परत कॉम्प्रेस करताना उडतं, पिक्सेलच्या शेवटच्या बिटात लपवलेलंही टिकत नाही. म्हणून मोठ्या कंपन्या करतात तो ए-बी प्रकार करा. नाटकाचे १० तुकडे पाडा, प्रत्येकाच्या दोन आवृत्त्या काढा, एक जशीच्या तशी आणि दुसरी एक-दोन टक्के झूम केलेली, सेटिंग दोन्हीला तेच ठेवा म्हणजे परत एन्कोड न करता नुसते जोडता येतात. कोणाला एएबी..., कोणाला बीएबी..., अशा १०२४ वेगळ्या प्रती होतात. जोड पात्र रंगमंचावर येता-जाताना किंवा ट्रिकसीनच्या धुरात घ्या, एरवी स्थिर कॅमेऱ्यात झूमचा झटका दिसतो. फुटलेली कॉपी आली की मूळ फाईल शेजारी लावायची आणि तुकड्यागणिक बघायचं, कुठली प्रत ते कळतं, मोबाईलने टीव्हीवरून शूट केलेल्यातही बऱ्याचदा कळतं, फक्त तिथे चित्राच्या कडा दिसायला हव्यात.

दोन गिऱ्हाइकांनी आपापल्या प्रती मिसळून तिसरी बनवली तर हे फसतं, पण जत्रेच्या नाटकासाठी एवढी मेहनत कोण घेणार. कोणाला कुठली प्रत गेली त्याची वही मात्र ठेवा, आणि पैसे घेतानाच सांगून टाका की प्रत तुमच्या नावाची आहे, निम्मे लोक तिथेच फॉरवर्ड करायचं सोडतात. नाटक कंपनीची परवानगी लेखी घेतली असेलच, नसेल तर आधी ती घ्या.