तुटलेल्या नसेचं ‘पुनरुज्जीवन’ होतं का?

एका वाचकाने विचारलंय: ‘दुखापत झालेली नर्व्ह पुन्हा कशी वाढते, यावरच्या संशोधनाचा लेख मराठीत करतो आहे. नर्व्हला नस म्हणू, मज्जातंतू म्हणू की चेतातंतू? आणि रिजनरेशनला पुनरुज्जीवन चालेल ना?’

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण खरा घोळ तिथे आहे. पुनरुज्जीवन चालणार नाही. मेलेलं पुन्हा जिवंत झालं तर ते पुनरुज्जीवन, आणि इथे नेमकं तेच होत नाही. १८५० मध्ये लंडनला ऑगस्टस वॉलर याने बेडकाच्या जिभेकडे जाणाऱ्या नर्व्ह कापून पाहिल्या. कापापलीकडचा, जिभेकडचा भाग काही दिवसांत आतून विस्कटून गेला; मेंदूकडचा शाबूत राहिला. नर्व्हमधला एकेक तंतू म्हणजे पेशीचाच लांबलचक फाटा, आणि पेशीचा गड्डा मेंदूत, कण्यात किंवा कण्यालगत. गड्ड्याशी संबंध तुटला की पुढचा भाग मरतो तो मरतोच. सर्जन टाके घालतात ते बाहेरच्या आवरणाला. आतला एकेक तंतू काही ते सांधत नाहीत. मागच्या जिवंत टोकाला नवा कोंब फुटतो आणि मेलेल्या तंतूच्या रिकाम्या नळीतून पुढे सरकत जातो. स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल याने १८९० मध्ये कोंबडीच्या गर्भात तंतूचं असं वाढतं टोक पाहिलं आणि त्याला ‘वाढीचा शंकू’ म्हटलं. माणसात याचा वेग ढोबळमानाने दिवसाला १ मिलीमीटर. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत १८ सेंटीमीटर धरले, तर झाले सहा महिने.

यासाठी आपल्याकडे तयार शब्द आहे, तो मला माझ्या मावशीने दिला. ती सांगलीकडची, शेतकरी. खिडकीच्या काचेने तिचं मनगट कापलं, दोन बोटं बधिर झाली. टाके पडून दीड महिना झाला असेल, डॉक्टर तिच्या तळहातावर बोटाने टिचक्या मारत पुढे पुढे जात होते. एका जागी ती म्हणाली, ‘हितं मुंग्या आल्या.’ त्यांनी तिथे पेनाने रेघ ओढली आणि मोबाइलवर फोटो काढला. महिन्याने ती जागा दोन बोटं पुढे सरकली होती. काय चाललंय ते डॉक्टरांनी समजावलं, तेव्हा मावशी म्हणाली, ‘मग खोडवाच की हो हा!’

ऊस तोडला तरी बुडखा जमिनीत जिवंत असतो, त्यालाच पुन्हा फुटवे येतात, तो खोडवा. तोडलेला ऊस कोणी परत चिकटवत नाही आणि नवी लागणही करत नाही. ‘पुनर्जनन’ थोडं कमी पडतं ते याच कारणाने: त्यातून नवी पेशी जन्मल्यासारखं वाटतं. शीर्षकात ‘पुनर्वाढ’ लिहा आणि मजकुरात बिनधास्त ‘फुटवा’. हे रूपक पुढेही साथ देतं. मेंदू आणि मज्जारज्जूतले तंतू असे फुटून लांबवर जात नाहीत, म्हणून गड्डाच नापीक असं बराच काळ मानलं जाई. १९८१ मध्ये माँट्रियलला सॅम्युएल डेव्हिड आणि अल्बर्ट अग्वायो यांनी उंदरांच्या पायातल्या नर्व्हचा तुकडा मज्जारज्जूला पुलासारखा जोडला, आणि तिथलेच तंतू त्या तुकड्यातून कित्येक मिलीमीटर वाढत गेले. गड्डा ठीक होता. जमीन मानवत नव्हती.

आता नस. बोलण्यात ती कशालाही चालते. सलाईन लावायला नस सापडत नाही तेव्हा ती रक्तवाहिनी, कमरेत नस दबते तेव्हा नर्व्ह, आणि नसबंदीतली नस या दोन्हींपैकी कुठलीच नाही, ती शुक्रवाहिनी! शीरचंही तसंच. याची लाज वाटायला नको. ग्रीक ‘न्यूरॉन’चाही मूळ अर्थ कंडरा, दोरी असाच होता, आणि आपण ज्याला स्नायू म्हणतो तो शब्द बंगालीत नर्व्हसाठी वापरतात. पण तुमच्या लेखात रक्तवाहिन्याही येणार, म्हणून नस टाळा. मज्जातंतू रुळलेला आहे, तरी मज्जा म्हणजे मुळात हाडातला मगज, सप्तधातूंतला सहावा. एकाच लेखात अस्थिमज्जा आणि मज्जातंतू आले की वाचक अडखळतो. विश्वकोशाचा ‘तंत्रिका’ मला परका वाटतो. शाळेच्या पुस्तकांतून चेतापेशी, चेतासंस्था मुलांच्या तोंडी बसलेत, तेव्हा चेतातंतू घ्या.

जाता जाता, तुमच्या लेखात ‘टिनेल्स साइन’ येईलच. मावशीला मारलेल्या टिचक्या त्याच. पहिल्या महायुद्धातले जखमी सैनिक तपासताना फ्रेंच डॉक्टर ज्यूल टिनेल याने १९१५ मध्ये लिहिलं की, टिचकीने दुखलं तर नर्व्ह चिडलेली आहे, मुंग्या आल्या तर कोंब तिथवर पोचलाय. त्याने वापरलेला फ्रेंच शब्द ‘फुर्मियमाँ’, आणि ‘फुर्मी’ म्हणजे चक्क मुंगी. तेव्हा तिथे ‘संवेदनात्मक चुणचुण’ वगैरे काही घडवत बसू नका. ‘टिनेलची मुंग्यांची खूण’ लिहा, अगदी शब्दशः बरोबर आहे.