रोजची प्रार्थना चार-पाच दिवसांतच मोडते, काय करावं?

तासभराचा बेत सोडा, दहा मिनिटांनी सुरुवात करा. मी खानापूरहून रोज बसने बेळगावला कामाला जाते, त्यामुळे सकाळची घाई मला चांगली ठाऊक आहे. पहाटे पाचला उठायचं ठरवून माझंही कितीदा मोडलं. शेवटी प्रार्थना चहाला जोडली. आधण ठेवलं की ओट्याशेजारच्या स्टुलावर बसायचं, पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, तिथंच, खुणेची दोरी घातलेलं. मोबाईल आतल्या खोलीत. हे शेवटचं फार महत्त्वाचं, कारण हातात फोन आला की दहा मिनिटं कुठं जातात कळत नाही.

काय वाचायचं हे आदल्या रात्रीच ठरलेलं हवं. बायबलमधल्या नीतिसूत्रे या पुस्तकाचे 31 अध्याय आहेत, तारखेप्रमाणे रोज एक. किंवा येशूचं चरित्र सांगणारं मार्कचं शुभवर्तमान घ्या, 16च अध्याय आहेत. त्यातल्या पहिल्याच अध्यायात येशू पहाटे अंधारातच उठून एकांती प्रार्थना करतो, ते 35वं वचन मी वहीत लिहून ठेवलंय.

शब्द सुचत नसतील तर ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही येशूनं शिकवलेली प्रार्थना सावकाश म्हणा, एकेका ओळीवर थांबत. मग घरच्यांची नावं घ्या. मी रोज एका शेजाऱ्याचंही घेते.

एखादा दिवस चुकलाच, तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचत बसू नका. त्या दिवसाचा अध्याय उघडा. रविवारच्या उपासनेनंतर मंडळीतल्या एखाद्या मावशीला सांगून ठेवा, त्या हमखास विचारतात, ‘काय गं, वाचतेस ना?’