वाचकांचे प्रश्न : एलएल.बी.चा प्रवेश, हजेरी आणि सनद

विधी शाखेच्या प्रवेशाबद्दल सोलापूर शहरातून आणि तालुक्यांतून आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. सीईटीत (राज्याच्या प्रवेश परीक्षेत) किती गुण हवेत, हेच बहुतेकांनी विचारलं आहे. पण प्रवेश अडतो तो बहुधा कागदांवर आणि जुन्या शिक्षणाच्या क्रमावर, म्हणून उत्तरांत त्यालाच जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. दहावीनंतर शाळा सुटली. पुढे मुक्त विद्यापीठाची पूर्वतयारी परीक्षा देऊन तिथूनच बी.ए. केलं, 58 टक्के आहेत. तीन वर्षांच्या एलएल.बी.ला चालेल का? मित्र म्हणतो, मुक्त विद्यापीठाची पदवी कायद्याला चालतच नाही.

उत्तर : मित्र म्हणतो तसा सरसकट नियम नाही. पण तुमची पदवी मात्र चालणार नाही, आणि ते आत्ताच कळलेलं बरं. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या (वकिली आणि विधी शिक्षणावर देखरेख ठेवणारी संस्था) 2008 च्या विधी शिक्षण नियमांतला पाचवा नियम दूरशिक्षणाला आडकाठी करत नाही. दहावी, बारावी आणि मग मुक्त विद्यापीठाची पदवी, असा क्रम असलेला विद्यार्थी पात्र आहे. त्याच नियमाच्या स्पष्टीकरणात मात्र म्हटलं आहे की, त्या शिक्षणाला लागणारी मूळ पात्रता नसताना थेट मुक्त विद्यापीठातून मिळवलेली पदवी एलएल.बी.साठी धरली जाणार नाही. तुमच्याकडे बारावी नाही, त्यामुळे 58 टक्के असूनही उपयोग नाही.

यात फसगत कशी होते तेही सांगतो. सीईटीचा ऑनलाइन अर्ज भरला जातो, हॉलतिकीट येतं, परीक्षा होते, गुणही मिळतात. तिथपर्यंत कोणी अडवत नाही. हरकत निघते ती कागदपत्रांच्या पडताळणीत. तिथूनही सुटलं, तर तीन वर्षांनी सनदेच्या, म्हणजे वकिलीच्या परवान्याच्या, अर्जावर निघते. तोवर फी, वेळ आणि उमेद सगळं खर्ची पडलेलं असतं.

मार्ग आहे. 17 नंबरचा फॉर्म भरून बारावी बाहेरून द्या. खुल्या प्रवर्गात असाल तर किमान 45 टक्के मिळवा आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची सीईटी द्या. बाहेरून केलेली बारावी त्याला चालते. बारावीनंतर नवी पदवी घेऊन तीन वर्षांचा एलएल.बी. करायचा म्हटलं तर सहा वर्षं जातात. पाच वर्षांचा मार्ग त्याहून जवळचा. नोकरीचं काय, त्यासाठी पुढचं उत्तर वाचा.

प्रश्न : होटगी रोडवरच्या एका कार्यालयात कारकून आहे. सकाळी कॉलेज आणि दहानंतर ऑफिस जमेल का? परीक्षेपुरतं गेलं तरी चालतं, असं ऐकतो.

उत्तर : ऐकलं आहे त्यावर जाऊ नका. एलएल.बी. पत्राद्वारे किंवा नुसत्या परीक्षा देऊन होत नाही. नियमाप्रमाणे रोज किमान पाच तास आणि आठवड्याला किमान तीस तास कामकाज हवं. वर्ग सकाळी 8 ते संध्याकाळी 7 या वेळेतच घ्यायचे आहेत. सकाळी दोन तास बसून ऑफिस गाठणं यात बसत नाही.

हजेरी प्रत्येक विषयात 70 टक्के लागते. एखाद्या विषयाचे 60 तास झाले, तर 42 तास तुम्ही वर्गात हवेत. कारण रास्त असेल तर प्राचार्य 65 टक्क्यांपर्यंत, म्हणजे 39 तासांपर्यंत सूट देऊ शकतात. मात्र तेव्हाही सगळ्या विषयांची मिळून हजेरी 70 टक्के भरावीच लागते. एका विषयातली सूट पकडून बाकीच्यांतही कमी पडणारे इथेच अडकतात. मूट कोर्ट (सरावाचे लुटुपुटीचे खटले) आणि प्रात्यक्षिकंही या हिशेबात येतात.

बार कौन्सिलच्या सप्टेंबर 2024 च्या परिपत्रकानुसार विद्यार्थ्याने आपण नोकरीत आहोत का, हे जाहीर करायचं आहे, आणि असल्यास मालकाचं ना-हरकत प्रमाणपत्र जोडायचं आहे. शिवाय पूर्णवेळ पगारी नोकराला सनद घेऊन वकिली करता येत नाही. पदवी पदोन्नतीसाठी हवी असेल तर रजेचा हिशेब आधी साहेबांशी बोलून घ्या. वकिली करायची असेल तर नोकरी कधी सोडायची, हे प्रवेशाआधी घरात ठरवा.

प्रश्न : मुलाला बारावीला 43 टक्के आहेत. आम्ही ओबीसी आहोत, जातीचा दाखला आहे, पडताळणी झालेली नाही. पाच वर्षांच्या कोर्सला अडचण येईल का?

उत्तर : बारावीच्या गुणांची किमान अट खुल्या प्रवर्गाला 45, ओबीसींना 42 आणि अनुसूचित जाती-जमातींना 40 टक्के आहे. 43 टक्के ओबीसी म्हणून पुरतात. पण जातीच्या पडताळणीनंतर मिळणारं वैधता प्रमाणपत्र वेळेत आलं नाही तर अर्ज खुल्या प्रवर्गात जातो, आणि तिथे 43 टक्क्यांवर तो पात्रच राहत नाही. म्हणजे राखीव जागाही जाते आणि त्या वर्षीचा प्रवेशही. ज्यांना 45 हून जास्त आहेत त्यांची वैधतेवाचून फक्त राखीव जागा जाते; तुमच्या मुलाचा सगळा प्रवेशच त्या एका कागदावर आहे. काही वर्षी शासन मुदत वाढवून देतं, पण तिच्या भरवशावर थांबू नका.

पडताळणीत ओबीसींसाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा जातीचा पुरावा लागतो (अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961). आजोबांच्या किंवा चुलत आजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा सर्वांत उपयोगी. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कोणाची वैधता झाली असेल तर ती आणि वंशावळीचं शपथपत्र जोडा. काम बरंच सोपं होतं. सोलापुरात पूर्व भागातल्या अनेक कुटुंबांचे जुने कागद तेलुगूत, तर अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडच्यांचे कन्नडमध्ये असतात. त्यांचं भाषांतर आधीच करून ठेवा. कुटुंब त्या तारखेला महाराष्ट्रात राहत होतं, हेही कागदावर दिसायला हवं. आडनावाच्या स्पेलिंगचा फरक ही इथली नेहमीची डोकेदुखी आहे. तो असेल तर खुलाशाचं शपथपत्र अर्जाबरोबरच द्या, त्रुटी निघायची वाट पाहू नका.

नॉन-क्रीमीलेअरचं प्रमाणपत्र प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षाअखेर, म्हणजे 31 मार्चपर्यंत चालू असावं. दाखले राज्याच्या नमुन्यातले घ्या. बँकेच्या किंवा रेल्वेच्या भरतीसाठी काढलेला केंद्राच्या नमुन्यातला दाखला इथे चालत नाही.

प्रश्न : वय 41. पदवी लग्नाआधीची, माहेरच्या नावाची. आता प्रवेश मिळेल? (जुळे सोलापूर)

उत्तर : वयाची आडकाठी नाही. बार कौन्सिलने घातलेल्या वयोमर्यादेला सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये स्थगिती दिली आहे. नावासाठी विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद लागेल. सीईटीच्या अर्जापासूनच एक नाव ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. अर्जावर माहेरचं आणि आधारवर सासरचं असं झालं की पडताळणीत अर्ज परत येतो. मधल्या वर्षांसाठी गॅपचं शपथपत्र करून ठेवा. राखीव प्रवर्गातून अर्ज करणार असाल तर जातीचा दाखला आणि वैधता माहेरच्या, वडिलांकडच्या कागदांवरच होते.

इथे मुलींच्या सगळ्या पालकांसाठी एक गोष्ट. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, 8 लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या विद्यार्थिनींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश मात्र कॅपमधून (शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून) हवा. व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली की ही सवलत जाते. गडबडीत कोट्याची जागा पक्की करण्याआधी पुढच्या फेरीपर्यंत थांबता येतं का, ते पाहा.

प्रश्न : सीईटीत गणित असतं का? चुकलेल्या उत्तराचे गुण कापतात का?

उत्तर : तीन वर्षांच्या सीईटीत गणित नाही. पाच वर्षांच्या परीक्षेत थोडं असतं, 120 पैकी 8 प्रश्न. दोन्हींत 120 प्रश्न, 2 तास, आणि गुण कापत नाहीत. तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका. तीन वर्षांच्या परीक्षेत एकट्या इंग्रजीला 40 गुण आहेत आणि मराठी माध्यमाची मुलं तिथेच मागे पडतात. इंग्रजी वगळता बाकीचे प्रश्न मराठीतही दिलेले असतात.

प्रश्न : पाच वर्षांच्या कोर्सला तिसऱ्या वर्षानंतर बी.ए. घेऊन बाहेर पडता येतं का? आणि एलएल.बी. करताना एम.ए. करता येईल का?

उत्तर : पहिल्याचं उत्तर नाही. पदवी मध्येच तोडून देणं आणि पदवीच्या जोरावर मधल्या वर्षात थेट प्रवेश देणं, दोन्हींना तेराव्या नियमाने मनाई आहे. एम.ए. नियमित कॉलेजातून करता येणार नाही, दूरशिक्षणाने चालेल.

प्रश्न : शेवटच्या वर्षाला आहे. मूट कोर्ट आणि इंटर्नशिपच्या फायली सगळे एकमेकांच्या बघून लिहितात. नक्की काय करायचं असतं? (सात रस्ता)

उत्तर : प्रश्न फार चांगला आहे, कारण कॉलेजातून बाहेर पडून कोर्टाच्या पायऱ्या चढल्यावर उपयोगी पडतो तो मूट कोर्ट व इंटर्नशिपचा हाच पेपर. शंभर गुणांची वाटणी अशी : मूट कोर्टला 30, खटल्यांच्या निरीक्षणाला 30, पक्षकाराची मुलाखत व दाव्याच्या तयारीला 30, तोंडीला 10. मूट तीन करायची, प्रत्येकी 10 गुणांची. पाच लेखी निवेदनाचे, पाच युक्तिवादाचे.

निरीक्षणासाठी एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला लागतो. इथे मुलं कोणताही दावा उचलतात आणि वहीत दहा वेळा 'पुढील तारीख' एवढंच लिहून आणतात. जिल्हा न्यायालयात जाताना ओळखीच्या वकिलांना विचारून मुद्दे निघालेला (वादाचे प्रश्न कोर्टाने ठरवलेला) आणि पुराव्याला लागलेला दावाच निवडा. फौजदारीतही साक्षीदार तपासणं सुरू असलेला खटला घ्या. सरतपास (साक्षीदाराला बोलावणाऱ्या बाजूचे प्रश्न), उलटतपास (समोरच्या बाजूचे), कोणत्या प्रश्नाला हरकत आली आणि न्यायाधीशांनी काय नोंदवलं, हे त्याच दिवशी लिहा. दुसऱ्याची वही उतरवलेला विद्यार्थी तोंडी परीक्षेत दुसऱ्या प्रश्नालाच उघडा पडतो. तिसऱ्या भागात पक्षकारांच्या दोन मुलाखती ऐकायच्या (15 गुण) आणि दावा तयार होऊन दाखल होईपर्यंतचं काम पाहायचं (15 गुण). त्यासाठी वकिलांचं ऑफिस किंवा विधी सेवेचं कार्यालय गाठा.

मसुदा लेखनाचा पेपर वेगळा आहे : प्लीडिंगचे (कोर्टात दाखल करायच्या कागदांचे) 15 आणि दस्तलेखनाचे 15 मसुदे, प्रत्येकी 3 गुण, उरलेले 10 तोंडीचे. दावा, कैफियत (दाव्याला प्रतिवादीचं लेखी उत्तर), जामीन अर्ज, खरेदीखत, मृत्युपत्र हे स्वतःच्या हाताने लिहा.

इंटर्नशिप तीन वर्षांच्या कोर्सला एकूण 12 आठवडे, पाच वर्षांच्या कोर्सला 20 आठवडे. एका वर्षात सलग चार आठवड्यांहून जास्त चालत नाही, म्हणून सगळी शेवटच्या सत्रात उरकू म्हणणाऱ्यांचं गणित चुकतं. खालच्या कोर्टात आणि अपिलात काम करणाऱ्या वकिलांकडे एकदा तरी जावंच लागतं. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं असून सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत आहे. उच्च न्यायालयाचं काम पाहायला आता मुंबईत खोली घेऊन राहायची गरज उरलेली नाही. याचा लाभ घ्याच.

प्रश्न : पदवीनंतर सनदेला किती खर्च? बारची परीक्षा आधी की सनद आधी?

उत्तर : 30 जुलै 2024 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नोंदणीचं शुल्क कायद्यातल्या आकड्यावर आणलं : खुल्या प्रवर्गाला 750 रुपये, अनुसूचित जाती-जमातींना 125 रुपये. मुद्रांक शुल्क लागू असेल तर ते वेगळं. अर्ज महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे करायचा. अर्जापूर्वी कॉलेजला तुमच्या प्रवेशाच्या वर्षी बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता होती का, हे पाहिलेलं असावं. खरं तर कॅपमध्ये पसंतीक्रम भरतानाच ते पाहायचं. मान्यता ठरावीक मुदतीची असते.

आधी तात्पुरती सनद मिळते. ती दोन वर्षं चालते आणि तेवढ्यात अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हावं लागतं. सप्टेंबर 2024 मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शेवटच्या सत्रातले विद्यार्थीही या परीक्षेला बसू लागले आहेत, त्यामुळे पदवी हातात यायची वाट पाहायला नको. 100 प्रश्न, साडेतीन तास. खुल्या आणि ओबीसी प्रवर्गाला 45, अनुसूचित जाती-जमातींना 40 टक्के हवेत. गुण कापले जात नाहीत. बेअर अ‍ॅक्ट (कायद्याच्या नुसत्या मजकुराच्या प्रती) सोबत नेता येतात, पण टिपणं किंवा भाष्य असलेली प्रत काढून घेतात. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम लागू आहेत, तेव्हा ज्येष्ठ वकिलांनी प्रेमाने दिलेली जुनी दंड संहिता घरी ठेवा आणि नव्या तिन्ही कायद्यांच्या कोऱ्या प्रती विकत घ्या.